आधी शॉक, मग स्प्रिंगा

चि. मधुरा,


तुझी 1991 ची लाल मियाटा फोटोत पाहिली. झकास आहे. पण सोबत पाठवलेली खरेदीची यादी वाचली आणि म्हटलं, हे लिहूनच कळवावं. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. गाडी दोन इंच खाली आणणाऱ्या कडक स्प्रिंगा, जाड अँटी-रोल बार, सतरा इंची चाकं. यातलं काहीही अजून मागवू नकोस.

या गाडीला जन्मतःच काय मिळालंय ते बघ. माझदानं ती 1989 साली आणली तेव्हा चारही चाकांना डबल विशबोन दिले आणि वजन हजार किलोच्या आत ठेवलं. डोळ्यांपुढे होती ती जुनी ब्रिटिश रोडस्टर, त्यातही लोटस इलान. इलानच्या स्प्रिंगा चक्क मऊ होत्या. मऊ स्प्रिंग आणि तिला नीट आवरणारा शॉकअब्सॉर्बर, ही लोटसच्या कॉलिन चॅपमनची रीत. आराम हवा की वळणावरची पकड, असं भांडण त्या घराण्यात नाहीच.

मग तुझी गाडी, तू म्हणतेस तशी, खड्ड्यात धाडकन का आपटते? शॉकच्या दांड्यावर फोमचा एक ठोकळा असतो, बंप स्टॉप. चाकाला वर यायला जागा उरली नाही की शॉक त्यावर जाऊन आदळतो. या पिढीच्या मियाटाला पुढच्या बाजूला ही जागा मुळातच तुटपुंजी. त्यात दोन इंच खाली आणलीस तर बहुतेक जागा तिथंच संपली. मग खड्ड्यात पाठ मोडते ती मोडतेच, शिवाय भर वळणात ठोकळा टेकला की त्या चाकाचा कडकपणा एका क्षणात कितीतरी पटींनी वाढतो आणि टायर सुटतो. हे स्वतः तपासता येतं. दांड्यावरचं रबरी आवरण वर सरकव, शॉकच्या तोंडाशी झिप टाय बांध आणि नेहमीच्या रस्त्यावर चक्कर मारून ये. ती ठोकळ्याला जाऊन भिडलेली दिसली तर रोग सापडला.

आणखी एक गैरसमज काढून टाक. स्प्रिंग कडक केली म्हणून वळणावर बाहेरच्या चाकांवर जाणारं वजन कमी होत नाही. ते ठरतं गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधलं अंतर आणि तू वळण किती जोरात घेतेस यावर. स्प्रिंगा आणि बार एवढंच ठरवतात, की त्यातलं किती पुढच्या जोडीनं पेलायचं आणि किती मागच्या. म्हणून नुसता मागचा बार जाड केलास तर पावसात शेपूट बाहेर येईल, आणि शेजारी बसलेले जावईबापू तुला सोडणार नाहीत.

पैसे शॉकवर घाल. बिल्स्टाइन किंवा कोनी, दोन्ही चांगले. कोनीच्या पिवळ्या शॉकला स्प्रिंग परत उघडतानाचा आवर कमीजास्त करता येतो. अगदी मऊपासून सुरुवात कर. 1999 पासूनच्या मियाटाचे शॉकचे वरचे माउंट, त्यांना जुळणाऱ्या शॉकसह, बसवून घेतलेस तर चाकाला वर यायला थोडी जास्त जागा मिळते. कमी पैशात याहून चांगली सुधारणा मला माहीत नाही. स्प्रिंगा घ्यायच्याच तर गाडी इंचभराहून जास्त खाली नको. सतरा इंची चाकं मात्र विसर, ती जड. पंधरा इंच पुरे.

सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश तीस वर्षांचे असतील तर बदलच. पण त्यांचे बोल्ट गाडी लिफ्टवर असताना शेवटचे आवळू देऊ नकोस. बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं. चाक लोंबकळत असताना आवळलं की गाडी खाली उतरताच त्याला पीळ बसतो, आणि तो पीळ त्याला लवकर फाडतो. गाडीचं वजन चाकांवर आलं की मगच आवळायचं. ओहायोत हिवाळाभर रस्त्यावर मीठ. अलाइनमेंटचे कॅम बोल्ट गंजून बसले असणार. कामाच्या आठवडाभर आधीपासून रोज त्यांवर पेनिट्रेटिंग ऑइल मारत राहा, नाहीतर मेकॅनिक टॉर्च काढेल आणि बुश जाळेल.

अलाइनमेंटला तू स्वतः सीटवर बस. एवढ्या हलक्या गाडीत माणसाचं वजन मोजावं लागतं. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, पुढे साधारण उणे एक अंश, मागे उणे दीड. टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली, पुढे शून्य, मागे जरासा आत. छापील कागद मागून घे आणि मला पाठव.

या सगळ्याआधी दोन फुकटची कामं. दारावरच्या स्टिकरवर हवा 26 पीएसआय लिहिलीय. दुकानवाले डोळे झाकून पस्तीस भरतात. ती उतरव, निम्मा खडखडाट जाईल. आणि टायरच्या कडेवर डीओटीनंतरचे शेवटचे चार आकडे वाचून कळव. 1816 असेल तर टायर 2016 च्या अठराव्या आठवड्यातला. तसले म्हातारे निघाले तर आधी टायर, शॉक पुढच्या पगारात.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा