माधुकरीचा अधिकार

आमच्या दत्तमंदिराच्या सभामंडपाला पुढे पडवी काढायची ठरली. नकाशा नातू करून देईल, असे मीच विश्वस्तांना सांगून बसलो. तो यंदाच इंजिनिअर झाला. पण नेमका त्याचा कॉम्प्युटर बिघडला, आतली डिस्क बदलावी लागली आणि ऑटोकॅड नव्याने टाकायची वेळ आली.

हे सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट मिळते. मुदत एक वर्षाची. दर वर्षी आपण अजून शिकतो आहोत हे दाखवले की पुढे चालते. वापरायचे ते फक्त शिकण्यासाठी. नातू म्हणाला, "आजोबा, कॉलेजच्या ओळखपत्राची तारीख अजून उलटलेली नाही. ते दाखवलं की मिळेल. पण मी आता विद्यार्थी कुठे आहे?"

आणि मी काय म्हणालो? "टाक रे, देवाचं काम आहे. तू पैसे थोडेच घेतोयस!"

संध्याकाळी आरतीला उभा राहिलो, पण चित्त लागेना. मुंजीत बटूच्या हाती झोळी देतात. तो शिकतो, म्हणून मागण्याचा त्याला अधिकार. पूर्वी पुण्यात कितीतरी गरीब मुले माधुकरी मागून, वार लावून शिकली. पण सोडमुंज झाली की झोळी खाली ठेवायची. (हल्ली मुंज आणि सोडमुंज एकाच दिवशी उरकतात, ते असो.) त्यानंतरही कुणी बटू म्हणून दारात उभा राहिला, तर वाढणाऱ्या माउलीची फार तर एक पोळी जाईल. पण तिने ती वाढली शिकणाऱ्या पोराला, आणि घेतली भलत्यानेच.

हे मी नातवाला सांगितले. तो हसून म्हणाला, "मग तुम्ही गाणगापुरात पाच घरी माधुकरी मागता, ती कशी चालते? तुम्ही तर चांगले पेन्शनवाले!"

मी गप्पच झालो. खरे आहे, मागतो. दुपारी श्रीगुरू स्वतः तिथे भिक्षेला येतात, या श्रद्धेने मागतो. पुष्कळ विचार केल्यावर एवढेच सुचले की, तिथे वाढणाऱ्या बाईला ठाऊक असते, दारातला म्हातारा घरचा खाऊनपिऊन सुखी आहे. मी कोण हे तिच्यापासून लपवलेले नसते. इथे मात्र नातवाला "मी विद्यार्थी आहे" असे लिहून द्यावे लागणार होते. आणि ते लिहायला लावणारा मी, तेही महाराजांचे नाव पुढे करून! त्याच्या मनात शंका तरी आली होती. माझ्या मनात तीही आली नाही.

विकतचे परवडणारे नव्हते. शेवटी त्याने लिब्रेकॅड घेतले. ते सगळ्यांनाच मोकळे आहे, कोण आहेस म्हणून विचारत नाही. मात्र हात बसेपर्यंत त्याला सगळे खांब पुन्हा आखावे लागले, चिडचिडही झाली. नकाशा आठ दिवस उशिरा आला.

विश्वस्तांनी विचारले, "पोरानं वेळ का लावला?" मी म्हटले, "त्यानं नाही, मी लावला," आणि वरची सगळी हकिगत त्यांना सांगितली.