खरी वेळ, खोटं घड्याळ

मनगटी घड्याळ वेळ पाहण्यासाठी असतं, हा गैरसमज आता जवळजवळ नाहीसा झालेला आहे. वेळ पाहायला खिशात मोबाईल असतो, स्टेशनावर इंडिकेटर असतो आणि घरात बायको असते. ही तिन्ही साधनं घड्याळापेक्षा अचूक. तिसरं तर टोलेही देतं. हाताला घड्याळ बांधायचं ते आपण वेळ पाहावी म्हणून नव्हे, लोकांनी घड्याळ पाहावं म्हणून.

विश्वास बसत नसेल तर हिशेब पाहा. फुटपाथवर मिळणाऱ्या दोन-तीनशे रुपयांच्या क्वार्ट्‌झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि ते बिचारं महिन्याकाठी पंधरा-वीस सेकंद इकडेतिकडे होतं. उलट स्वित्झर्लंडातलं स्प्रिंगवर चालणारं घराणेदार घड्याळ घ्या. तिथल्या अधिकृत परीक्षेत पास व्हायला दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी मुभा असते. म्हणजे लाखो रुपये मोजून घेतलेलं घड्याळ महिन्याला तीन मिनिटं चुकलं, तरी ते प्रमाणपत्रासकट चुकतं! आमच्या ऑफिसात अशी प्रमाणपत्रं फक्त साहेबांना असत.

अशा चुकणाऱ्या घड्याळांचा नाद आमच्या भाच्याला लागला आहे. हा राहतो भांडुपला, स्टेशनपासून चढ चढत गेलं की घाम आणि घर एकदमच येतं अशा ठिकाणी. घड्याळं तो विकत घेत नाही. तेवढी ऐपत असती तर चढावर राहिला नसता. तो ती बनवतो. जगातल्या महागड्या घड्याळांसारखी हुबेहूब घड्याळं, एकेक भाग जमवून, स्वतःच्या हाताने जुळवतो. केस एकीकडून (डोक्यावरची नव्हे आणि कोर्टातलीही नव्हे, निदान अजून तरी), काच दुसरीकडून, डायल आणि काटे तिसरीकडून. आत मशीन जपानी, चोवीस ज्वेलचं, तासाला २१,६०० ठोके देणारं. ते बनवणारी सैको कंपनी दुसऱ्या घड्याळवाल्यांनाही ते राजरोस विकते, त्यामुळे तिथे काही लपवाछपवी नाही.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर त्याचा संसार मांडला जातो. डोळ्याला भिंग, हातात चिमटा. डायलवर धूळ बसू नये म्हणून तिच्यावर वरणाची वाटी उपडी. काटे उडू नयेत म्हणून पंखा बंद. भांडुपच्या मे महिन्यात पंखा बंद करून तीन तास हालचाल न करता बसणे, याला आपल्याकडे पूर्वी तपश्चर्या म्हणत आणि देव प्रसन्न होत. इथे फार तर सेकंदाचा काटा प्रसन्न होतो. तो नाही झाला आणि चिमट्यातून उडाला, की सगळं कुटुंब जमिनीवर साष्टांग. डायलच्या पाठीला दोन बारीक पाय असतात. ते मशीनच्या भोकांत बसले नाहीत तर छाटून टाकावे लागतात आणि डायल चिकटवावी लागते. काटे एकमेकांना न घासता एकावर एक बसवावे लागतात. एकूण काम असं, की पाहणाऱ्याचाच हात थरथरतो.

आमचे भाऊजी, म्हणजे भाच्याचे वडील, हे सगळं आरामखुर्चीतून पाहत असतात. भांडुपच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांची उभी हयात गेली. लाल बहादुर शास्त्री मार्गावर कारखान्यांची रांग होती आणि भोंग्यावर डबे निघत होते, त्या काळातले ते. आता त्यातल्या बहुतेक जागांवर टॉवर उभे आहेत. भाऊजींच्या मनगटावर मात्र अजून लग्नातलं एच.एम.टी. जनता आहे. आमच्या तीर्थरूपांनी दिलेलं, डायलवर देवनागरीत 'जनता' लिहिलेलं. १९६१ साली बंगलोरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने ही घड्याळं सुरू झाली आणि २०१६ साली सरकारने कंपनी बंद करायचं ठरवलं. कंपनी बंद पडली, भाऊजींचं घड्याळ चालू आहे. रोज सकाळी ते चावी देतात आणि त्याच सुमाराला ताई त्यांना.

तर प्रश्न असा. या भाच्याच्या घड्याळात सगळं खरं आहे. पोलाद खरं, काच खरी, मशीन खरं, मेहनत तर शंभर नंबरी. खोटं आहे ते फक्त डायलवरचं नाव. मग ते घड्याळ खोटं की खरं?

हा प्रश्न दिसतो तेवढा पोरकट नाही. मोठमोठ्यांनी यावर डोकं चालवलं आहे. राजा मिलिंदाला भिक्षू नागसेनाने विचारलं होतं, 'महाराज, आपण रथातून आलात. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का?' महाराज प्रत्येक वेळी 'नाही' म्हणत गेले आणि शेवटी कबूल झाले की रथ हे नुसतं नाव आहे. वेताळाने तर याहून पुढची पंचाईत केली. देवीच्या देवळात दोघांची मुंडकी तुटली, बाईने घाईघाईत उलटसुलट जोडली. आता तिचा नवरा कोणता? विक्रम म्हणाला, ज्याच्या धडावर नवऱ्याचं डोकं तो. म्हणजे विक्रमाच्या न्यायाने डायल जिची, घड्याळ तिचं. आतलं धड जपानी असलं तरी चालेल. भाच्याला हा निकाल फार आवडला. राजेलोक घड्याळाच्या दुकानात काम करत नसत हे किती बरं, असं मला वाटलं.

भाच्याकडे दुसराही मुद्दा होता. "मामा, तुमचं ते ओरिजिनल तरी कुठे एका घरचं आहे?" आणि त्याने इतिहास काढला. १९०५ साली हान्स विल्सडॉर्फ नावाच्या जर्मन तरुणाने मेव्हण्याला भागीदार घेऊन लंडनमध्ये घड्याळांचा धंदा काढला. (मेव्हण्याबरोबर धंदा करून तो टिकला, हाच मला यातला खरा चमत्कार वाटतो.) मशीन स्वित्झर्लंडातल्या बीएन गावच्या एग्लर कारखान्याचं, केस आणखी कुणाची, डायलवर नाव बहुधा विकणाऱ्या जवाहिऱ्याचं. १९०८ साली त्याने 'रोलेक्स' हा शब्द नोंदवला. शब्दाला अर्थ काही नाही. कुठल्याही भाषेत म्हणता यावा आणि डायलवर मावावा, एवढीच त्याची पात्रता. तो एग्लरचा कारखाना कंपनीने विकत घेतला थेट २००४ साली. "तोपर्यंत तेही दुसऱ्याचंच मशीन घालत होते की! मी काय वेगळं करतो?"

वेगळं एवढंच, की तो माणूस दुसऱ्याचं मशीन घेऊन त्यावर आपलं नाव घालत होता आणि हा दुसऱ्याचं मशीन घेऊन त्यावर तिसऱ्याचं नाव घालतो. पहिल्याने नावासाठी शंभर वर्षं जबाबदारी घेतली. घड्याळ बंद पडलं तर शिव्या त्या नावाला बसल्या. नाव म्हणजे शिव्या खायची तयारी. ती तयारी चिमट्याने उचलून चिकटवता येत नाही.

गंमत अशी, की घड्याळात शंभरावर भाग असतात आणि प्रत्येक काही ना काही काम करतो. स्प्रिंग ताण धरते, चाकं फिरतात, काटे धावतात. नाव तेवढं एकटं बसून खातं. ते पुसलं तर घड्याळ एका सेकंदानेही मागे पडत नाही. आणि तरी किमतीतला सगळ्यात मोठा वाटा त्याचाच! चोरांना हे फार पूर्वी कळलं. पॅरिसचा थोर घड्याळजी ब्रेगे याच्या नावाने इतकी नकली घड्याळं निघू लागली, की १७९५ च्या सुमाराला तो डायलवर भिंगाशिवाय दिसणार नाही अशी गुप्त सही कोरू लागला. स्वतःचं नाव स्वतःच लपवून लिहायची पाळी यावी, यासारखी नामुष्की नाही.

आपली मुंबईही मागे नाही. आमच्या तरुणपणी मुसाफिरखान्यात 'फॉरेनचं' घड्याळ घेणं हा एक विधी होता. खालच्या आवाजात भाव आणि वरच्या खिशात माल. पुढे 'फर्स्ट कॉपी' हा शब्द आला आणि खोटेपणातही पहिला नंबर काढायची सोय झाली. आता तर जुनी एच.एम.टी. आणि सैको घड्याळं उघडून, डायली नव्याने रंगवून, याचे काटे त्याला लावून परदेशी पाठवली जातात. बंगलोरने जन्मात काढले नाहीत असे पोपटी आणि गुलाबी 'जनता' जगभर फिरतात. तिकडचे शौकीन त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. भेळेला म्हणावं तशा प्रेमाने म्हणत नाहीत.

कायद्याचं म्हणाल तर ट्रेड मार्क्‌स ॲक्ट, १९९९ चं कलम १०३ आहे. दुसऱ्याचं व्यापारचिन्ह खोटेपणाने लावलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. पण त्यात एक मजेदार फट ठेवली आहे: फसवण्याचा हेतू नव्हता हे आरोपीने सिद्ध केलं तर सुटका. म्हणजे कायदाही शेवटी घड्याळ उघडून पाहत नाही, माणूस उघडून पाहतो.

आणि इथे मला आमच्या बायकांची आठवण झाली. (अनेकवचन आदरार्थी नसून सर्व महिलावर्गासाठी आहे.) लग्नकार्यात गळ्यात भरगच्च हार असतो. कुणी म्हणतं, "अगंबाई, केवढ्याला पडला?" त्यावर उत्तर येतं, "छे गं, खोटा आहे. एक ग्रॅमचा." आणि पुढची तक्रार न करता दुकानाचा पत्ता विचारते. हार खोटा, पण हार घालणारी खरी. मराठीने दागिन्याला आणि माणसाला 'खोटा' हा एकच शब्द ठेवला आहे तो शब्द कमी पडले म्हणून नव्हे. दागिन्याचा खोटेपणा माणसात कुठल्या क्षणी उतरतो तेवढं आपण पाहायचं. तो उतरतो कौतुक झाल्यावर गप्प बसलो की. 'छे हो, खोटं आहे' हे चार शब्द ज्याला मोकळेपणी म्हणता येतात, त्याने खुशाल कोहिनूर गळ्यात घालावा.

भाच्याला ते म्हणता येतात. ऑफिसात तो स्वतःच सांगत सुटतो, "मी बनवलंय." तेव्हा त्याची मला चिंता नव्हती. चिंता निघाली ती वेगळ्याच दिशेने. पुढच्या महिन्यात भाऊजींची पंचाहत्तरी आहे आणि त्यांना द्यायला त्याने घड्याळ करायला घेतलं आहे. १९५३ साली निघालेल्या त्या प्रसिद्ध पाणबुड्यांच्या घड्याळासारखं, काळी डायल, वर छोटा मुकुट.

"बाबांना सांगणार आहेस?" मी विचारलं.

"त्यांना काय फरक पडतो, मामा? त्यांना ते नावसुद्धा माहीत नाही."

"मग नाव घालतोस कशाला?"

तो जरा थांबला. "नावाशिवाय डायल मोकळी मोकळी दिसते."

"तुझं घाल."

तो असा हसला, की जणू मी त्याला नोटेवर स्वतःचा फोटो छापायला सांगितलं. "माझं? भांडुपचं घड्याळ? कोण घेईल?"

"विकायचंय का?"

"नाही."

भाऊजींना मी ओळखतो. त्यांनी कधी दुसऱ्याचं कार्ड पंच केलं नाही आणि आपलं कुणाला करू दिलं नाही. ते घड्याळ बांधून सकाळच्या कट्ट्यावर जातील. कुणी जाणकार मनगट धरून विचारेल, "ओरिजिनल?" आणि भाऊजी छाती काढून म्हणतील, "मुलाने दिलंय." आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस खोटं बोलेल आणि त्याला ते कळणारही नाही. आणखी पंचवीस वर्षांनी ते घड्याळ नातवाकडे जाईल. त्याला गरज पडली की तो ते दुकानात नेईल आणि काउंटरवरचा माणूस हसेल. त्या वेळी 'छे हो, खोटं आहे' म्हणायला बनवणारा आणि बांधणारा, दोघांपैकी कुणी जवळ असेलच असं नाही. बनवणाऱ्याची थट्टा असते, तिचं पुढच्याच्या हातात आल्यावर काय होतं ते थट्टा करणाऱ्याला दिसत नाही.

पण मला अधिक बोचलं ते निराळंच. नकली नाव घालणारा कंपनीचं नाव चोरतो, हे सगळे सांगतात. त्याच वेळी तो आपलंही नाव टाकून देतो, हे कुणी सांगत नाही. तीन तास श्वास रोखून या पोराने जे केलं ते जितकं उत्तम जमेल, तितकं ते त्याने केलं हे कुणालाच कळणार नाही. शंभर टक्के यश म्हणजे शंभर टक्के बेपत्ता! लोक वाहवा करतील ती जिनिव्हाची.

आम्ही असं बोलत असताना भाऊजी खुर्चीतून उठून टेबलाशी आले. भिंग त्यांनी आपल्या डोळ्याला लावलं. नावाकडे पाहिलं की नाही कोण जाणे. टूलरूमचा माणूस, तो आधी फिटिंग पाहतो. बराच वेळ पाहून म्हणाले, "काटे सरळ बसलेत. कुणी बसवले?"

"मी," भाचा म्हणाला.

"दिवसाला किती चुकतं?"

"पाच-सहा सेकंद."

"बरं आहे," म्हणाले आणि आपल्या जनताला चावी देत खुर्चीकडे गेले.

पंचाहत्तरीला अजून अवकाश आहे. भाच्याने आता एक कोरी डायलही मागवली आहे. दोन्ही टेबलावर आहेत, एकेका वाटीखाली. कोणती बसवायची ते त्याचं अजून ठरलेलं नाही. ताईचं मात्र ठरलेलं आहे: काही बसवा, पण जेवायच्या आत माझ्या वाट्या परत करा.