भांड्यात उरलेलं पाणी

नागपुरात इंदोऱ्याकडच्या एखाद्या बुद्धविहारात संध्याकाळी डोकावलात, तर त्रिशरण-पंचशील म्हणणारी पोरं दिसतील. पाली शब्द तोंडपाठ, डोळे मिटलेले. एखाद्याचा एक डोळा मात्र किलकिला, शेजाऱ्यानं डोळे मिटलेत का ते बघायला! मला तो किलकिला डोळा फार आवडतो.

चौथं शील खोटं न बोलण्याचं. १४ ऑक्टोबर १९५६ला इथंच, दीक्षाभूमीवर, बाबासाहेबांनी लाखोंना दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्येही ते आहे. पण लेकराला ते समजवायचं कसं? बुद्धांनी स्वतःच्या मुलाला, राहुलला, समजावलं होतं. पाय धुऊन झाल्यावर भांड्यात घोटभर पाणी उरलं होतं. जाणूनबुजून खोटं बोलणाऱ्याचं श्रमणपण एवढंच उरतं, असं सांगून त्यांनी ते ओतून दिलं आणि भांडं पालथं घातलं. छडी नाही, आरडाओरडा नाही. मग आरशाची गोष्ट सांगितली: कुठलंही काम करण्याआधी, करताना आणि केल्यावर नीट न्याहाळायचं.

यातलं 'करण्याआधी' सगळ्यात अवघड. राग तेवढी उसंत देतो कुठं? राज्यातल्या कितीतरी शाळांत मुलांना आनापान शिकवतात, ते त्या उसंतीसाठीच. मंत्र नाही, मूर्ती नाही. नाकाशी येणारा-जाणारा श्वास तेवढा बघत बसायचं.

परवा आमच्या गल्लीत क्रिकेटवरून जुंपली. एका पोट्ट्यानं बॅट उगारली, क्षणभर थांबला, नाक ओढलं आणि पुटपुटला, "जाऊ दे बे, आउटच होतो मी."