तो मिसळत नाही

2023 मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी माणसांपासून तुटण्याचा धोका रोजच्या 15 सिगारेटींइतका असल्याचं सांगितलं आणि आपल्याकडेही व्यासपीठांवरून एकटेपणाला आजार म्हणायची रीत पडली. मनोरुग्ण असलेल्या माजी सैनिकाच्या बाबतीत ही रीत मला घातक वाटते. एकटेपणा हा त्याचा आजार ठरला की गोळ्या त्याने घ्यायच्या, बाकीच्यांना करण्यासारखं काही उरत नाही.

संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत अशाच एका हवालदारांच्या घरी गेलो होतो. मुदतीआधीच मेडिकल बोर्डाने घरी पाठवलेले. ‘ते कुणात मिसळत नाहीत,’ असं सगळी वाडी सांगत होती. वहिनींनी फळीवरची लग्नपत्रिका काढून दाखवली. पूर्वी पत्रिकेवर ‘हवालदार’ लावून त्यांचं नाव यायचं, आता मुलाचं येतं. ‘ह्यांना कोण बोलवतच नाय, मग मिसळतील कुठे?’ वहिनी म्हणाल्या.

डॉक्टर दा कोस्टाने वर्णिलेलं ‘सैनिकाचं हृदय’, डॉक्टर मायर्सने 1915 मध्ये लिहिलेला ‘शेल शॉक’, ही युद्धाच्या मानसिक धक्क्याची जुनी नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. पहिल्या महायुद्धातच अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ थॉमस सॅल्मनने आघाडीजवळ उपचार करण्याचा आग्रह धरला. हेतू जवानाला पुन्हा लढायला धाडण्याचा होता, पण सोबत्यांपासून लांब नेलं की माणूस जास्त ढासळतो, हेही त्यातून दिसलं.

खरा घोळ 1980 विषयी आहे. त्या वर्षी अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तकात पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार, दाखल झाला आणि सैनिकाचं दुःख अखेर मान्य झालं, असं सगळे लिहितात. पण त्या निदानाची मुळं दवाखान्याबाहेर आहेत. व्हिएतनाममध्ये जवान बहुधा एकेकटा वर्षभरासाठी जायचा आणि मुदत भरली की एकटाच विमानाने परतायचा. पलटण मागेच राहायची. 1970 च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये असे परतलेले तरुण एकत्र बसून बोलू लागले. लिफ्टन आणि शाटन या मनोविकारतज्ज्ञांना त्यांनीच बोलावून घेतलं. त्या बैठकांत जे बाहेर पडलं, त्याच्या आधारावर पुढे निदानासाठी लढा झाला. पुस्तकात मात्र लक्षणांची यादी शिरली आणि बैठक बाहेर राहिली. लोकांपासून दुरावल्यासारखं वाटणं हे त्या यादीतलं एक कलम झालं. जवानाला दूर कुणी केलं, हा प्रश्न तिथे विचारलाच जात नाही.

अशी सोबत आपल्याकडेही होती. कोकणातल्या कॅम्प दापोलीत एकोणिसाव्या शतकात पेन्शनर सैनिकांची वस्ती होती. निवृत्त महार सैनिक गोपाळबाबा वलंगकर तिथे राहिले, डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळही. महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा वलंगकरांनी 1894 मध्ये सरकारसाठी अर्ज लिहिला. तो अपमान एकेकाच्या घरात कुजत बसला नाही, कारण शेजारी पलटणीतलीच माणसं होती, असं मला वाटतं.

आज रत्नागिरीत शंभरहून अधिक वर्षांचं मनोरुग्णालय आहे, आणि 2017 चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की घरचे नेत नाहीत एवढ्यासाठी कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. पण घरी सोडलेल्या माणसाची वाट कोण पाहणार? हाच कायदा रुग्णाला आपला प्रतिनिधी लेखी नेमू देतो, आणि तो नातेवाईकच असला पाहिजे अशी अट नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे माजी सैनिकांची नोंद असते. रुग्णाची इच्छा विचारून त्याच्या पलटणीतला जवळच्या गावचा माणूस शोधावा, घरी सोडायच्या दिवशी त्याला बोलवावं, आणि डिस्चार्जच्या कागदावर नातेवाइकाच्या खाली त्याचंही नाव आणि फोन नंबर लिहावा.