आधी कर्तव्य की आधी हक्क?

दिवाळीच्या चार दिवसांत भावंडे एकत्र जमली की एक वाद घरोघर हटकून निघतो. थोरल्याने काय करायला हवे होते आणि धाकट्याला काय मिळायला हवे होते, हा तो वाद. कोणी कर्तव्याची भाषा बोलतो, कोणी हक्काची. नीट कान देऊन ऐकावे तर एक गंमत ध्यानात येते : ज्याच्या त्याच्या तोंडी कर्तव्य असते ते समोरच्याचे आणि हक्क असतो तो आपला. आई मात्र या वादात सहसा बोलत नाही. ती चकलीचा घाणा काढीत असते.

हाच वाद आपल्या प्रजासत्ताकाविषयी एका फार मोठ्या माणसाने घातला होता. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हे ते गृहस्थ. त्यांचे नाव सर्वांना ठाऊक असते, ग्रंथ मात्र फार थोड्यांनी उघडलेला असतो. जन्म १८८० चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. वडील दापोलीला वकील. शिक्षण संपल्यावर हे काही वर्षे शाळामास्तर होते, आधी रत्नागिरीच्या सरकारी शाळेत आणि मग मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात. (मी स्वतः मास्तर असल्यामुळे हा तपशील मला विशेष गोड लागतो.) १९११ साली नोकरी सोडून त्यांनी हायकोर्टात वकिली सुरू केली आणि १९१७ पासून सहा वर्षे मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात कायद्याचे अध्यापन केले. नीलकंठ भट्टांच्या ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाची आवृत्ती सिद्ध करताना तिला धर्मशास्त्राच्या इतिहासाची प्रस्तावना जोडावी, एवढाच त्यांचा मूळ बेत होता. ती प्रस्तावना वाढत गेली. पहिला खंड १९३० मध्ये निघाला तेव्हा ग्रंथकर्ता पन्नाशीचा होता; अखेरचा निघाला १९६२ मध्ये, तेव्हा ब्याऐंशीचा. पाच खंड, साडेसहा हजारांहून अधिक पृष्ठे, आणि सारे एकट्याने! मधल्या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद झाले, १९५३ पासून सहा वर्षे राज्यसभा झाली. १९६३ साली भारतरत्न मिळाले. १९७२ मध्ये ते निवर्तले.

काणे जुन्या वळणाचे होते, पण जुने ते सगळे सोने असे म्हणणाऱ्यांतले नव्हते. कलिवर्ज्यांवरचे त्यांचे प्रकरण ज्याने वाचले त्याला हे निराळे सांगावे लागत नाही. पूर्वी शास्त्राला मान्य असलेल्या कित्येक गोष्टी ‘कलियुगात वर्ज्य’ म्हणून शास्त्रकारांनीच मोडीत काढल्या. नियोग गेला. थोरल्या मुलाला वाटणीत मिळणारा जास्तीचा हिस्सा गेला. म्हणजे आपला धर्म कधी बदललाच नाही ही समजूत खोटी, हे काण्यांनी जुन्या पोथ्यांच्याच साक्षीने दाखवून दिले. बदल व्हावा, पण तो आपल्या मुळांतून फुटलेला असावा, असा त्यांचा कल दिसतो. कायद्याचा प्राध्यापक परंपरानिष्ठ असला की तो असा असतो. जुने कलम रद्द करायचे तर कोणत्या कलमान्वये, हे तो आधी विचारतो.

अशा माणसाने शेवटच्या खंडाच्या शेवटच्या प्रकरणात, ब्याऐंशीव्या वर्षी, आपल्या राज्यघटनेवर एक आक्षेप घेतला आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला. हे इंग्रजी खंड मला पेलणारे नव्हेत. तरी तेवढ्या प्रकरणापुरते पुस्तक राजुऱ्याच्या एका वकील मित्राकडून आणले आणि शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. आक्षेपाचा मथितार्थ असा : आमच्या स्मृती माणसाच्या कर्तव्यापासून आरंभ करतात, घटना हक्कांपासून करते, नागरिकांच्या कर्तव्यांचे प्रकरणच तिच्यात नाही, म्हणून परंपरेशी तिने साफ फारकत घेतली आहे. परिणामी सामान्य माणसाला वाटू लागते की आपल्याला हक्क तेवढे आहेत, बंधन काहीच नाही. आणि झोपडीत नि चहाच्या दुकानात बनलेली मते कायदा म्हणून इतरांवर लादावीत.

चहाच्या दुकानाबद्दलचा हा तिरकसपणा मला रुचला नाही. आमच्या गडचांदूरला बसस्टँडजवळच्या टपरीवर सिमेंट कारखान्यातला कंत्राटी मजूर, कापूस विकायला आलेला शेतकरी आणि माणिकगडच्या डोंगराकडून आलेला कोलाम एका बाकावर बसतात. माझ्या कादंबऱ्यांतली निम्मी माणसे मला तिथेच भेटली, आणि न्याय-अन्यायाविषयी त्यांची मते हायकोर्टातल्या मतांहून फार कच्ची असतात असे मला कधी आढळले नाही. तथापि आक्षेपाचा गाभा टाकाऊ नाही. निवडून येणारा माणूस काय-काय देईन ते सांगतो, काय मागेन ते सांगत नाही. ग्रामसभेला येणारे हात घरकुलाच्या यादीसाठी वर होतात; नाली कोणी साफ करावी हे विचारले की खाली जातात. म्हातारा काही उगीच रागावला नव्हता.

पुढे काय घडले ते पाहण्याजोगे आहे. काणे गेल्यानंतर चार वर्षांनी, १९७६ मध्ये, बेचाळिसाव्या दुरुस्तीने घटनेत नागरिकांची दहा मूलभूत कर्तव्ये आली. २००२ मध्ये अकरावे जोडले गेले. काण्यांचे म्हणणे खरे झाले म्हणावे तर तो काळ कोणता होता? आणीबाणीचा. माणसे विनाचौकशी तुरुंगात होती, आणि अशा अटकेविरुद्ध दाद मागण्याचा हक्कदेखील आणीबाणीपुरता उरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने त्याच १९७६ च्या एप्रिलमध्ये दिला होता. हक्कांच्या खोलीला कुलूप घालून कर्तव्यांची पाटी दारावर लावली गेली. काण्यांना हे खचित अभिप्रेत नसणार. पण कर्तव्याची भाषा कोणाच्या हाती पडते हा प्रश्न त्यांच्या आक्षेपात राहून गेला आहे, आणि मला तोच सर्वांत मोठा वाटतो.

ही कर्तव्ये आता शाळेच्या पाठ्यपुस्तकांत सुरुवातीलाच छापलेली असतात. वने, नद्या, वन्य जीव यांचे रक्षण करावे असेही एक कर्तव्य त्यांत आहे. मी ते वर्गात वाचून दाखवले, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, जंगल आमी राखाचं, तं माह्या आजीची कुऱ्हाड कावून नेली?” आजी सरपणाला गेली होती. मी तिला काहीतरी उत्तर दिले. त्याने तिचे समाधान झाले नाही हे तिच्या तोंडावर दिसत होते. जे गाव पिढ्यान्पिढ्या जंगलाच्या कडेने राहिले, त्याला जंगल राखण्याचे कर्तव्य सांगायचे आणि त्या जंगलात शिरायचा हक्क मात्र द्यायचा नाही, ही कोणत्या स्मृतीतली रीत?

उलट उदाहरण आमच्या जुन्या चांदा जिल्ह्याच्याच दुसऱ्या टोकाला आहे. धानोरा तालुक्यातले मेंढा हे लहानसे गोंड गाव, लेखा गावाजवळचे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्याला सामूहिक हक्क मिळाला. बांबू विकण्याचा अधिकार प्रत्यक्ष हातात यायला २०११ उजाडले. हक्क मिळाल्यावर या लोकांनी जंगल ओरबाडायला हवे होते, निदान चहाच्या दुकानाला भिणाऱ्या विद्वानांच्या हिशेबाने तरी. त्यांनी राखणीचे नियम केले. आणि २०१३ मध्ये त्यांनी आपापल्या नावची शेतजमीनसुद्धा ग्रामदानात दिली. हे कर्तव्य त्यांच्यावर कोणत्याही कलमाने लादलेले नव्हते. हक्क हाती आल्यावर ते त्यांनी आपण होऊन घेतले.

याच जिल्ह्यातली आणखी एक आठवण इथे सांगितली पाहिजे. मुंबईच्या ज्या सरकारी लॉ कॉलेजात काणे शिकवीत, त्याच कॉलेजचे १९३५ मध्ये प्राचार्य झाले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. दोघांचीही मुळे रत्नागिरी जिल्ह्यातली. बाबासाहेबांच्या बालपणाचा काही काळ दापोलीतच गेला. एकाने स्मृतींचा इतिहास लिहिला, दुसऱ्याने मनुस्मृती जाळली आणि पुढे घटनेचा मसुदा घडवला. ज्यांच्या वाट्याला शतकानुशतके केवळ कर्तव्येच आली, त्यांच्यासाठी लिहायला बसलेला माणूस आरंभ हक्कांपासून करणार, यात नवल ते काय? परंतु याच माणसाने १९५६ च्या ऑक्टोबरात, १४ तारखेला नागपूरला, आपल्या लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या आणि १६ तारखेला चांद्याला येऊन इथल्या लोकांना दीक्षा दिली. चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, दारू पिणार नाही. त्या प्रतिज्ञांत हक्क एकही नाही. ज्यांनी त्या उच्चारल्या त्यांतल्या कित्येकांच्या घरात पुढे दारूचा थेंब आला नाही. कर्तव्याचे प्रकरण नाही म्हणून काण्यांनी जी खंत केली, ते प्रकरण सहा वर्षे आधी आमच्या चांद्याच्या मैदानावर लोकांनी उभे राहून म्हटले होते.

काण्यांच्या शास्त्रातही याला आधार नाही असे नव्हे. मनुस्मृतीचा मी चाहता नाही. शूद्राला तिने दिलेल्या शिक्षा वाचताना अंगावर काटा येतो. पण तिथेच असेही म्हटले आहे की ज्या गुन्ह्याला साध्या माणसास एक कार्षापण दंड, त्याच गुन्ह्याला राजाला हजार. आणि चोरी करणारा जितका जाणता तितका त्याचा दोष अधिक. म्हणजे ज्याच्या हाती सत्ता आणि ज्ञान जास्त त्याचे बंधन जास्त. काण्यांच्या आक्षेपात मला हे सापडत नाही; तिथे बोट दाखवले आहे ते झोपडीकडे. आणि गंमत अशी की कर्तव्य हा शब्द घटनेत पहिल्या दिवसापासून होता! कलम ३७ मध्ये. लोकांच्या पोटापाण्याची, आरोग्याची, शिक्षणाची जी तत्त्वे पुढच्या कलमांत दिली आहेत, ती कायदे करताना लागू करणे हे राज्याचे कर्तव्य असेल, असे ते कलम सांगते. न्यायालयात त्याची अंमलबजावणी मागता येत नाही हे खरे. नागरिकांच्या अकरा कर्तव्यांचीही स्थिती फारशी निराळी नाही.

पाठ्यपुस्तकाच्या त्या पानावर नागरिकांची अकरा कर्तव्ये छापलेली असतात. राज्याचे कर्तव्य सांगणारे हे सदतिसावे कलम तिथे नसते. आता ते मी फळ्यावर लिहून देतो, आणि मुले ते वहीत उतरवून घेतात.