तुऱ्याचं ऋण
रविवारी सकाळी पोलिश जातीच्या कोंबडीला मांडीवर घेते. डोक्यावरचा पिसांचा तुरा चिखलाने चिकटून डोळ्यांवर आलेला असतो. कोमट पाण्यात कापूस भिजवून एकेक पीस मुळापासून टोकाकडे पुसते, मुळाशी उवा बघते. याला सेवा म्हणावं का? मला पटत नाही. या तुऱ्याखाली कवटीला फुगवटा असतो, त्यात भोकं राहतात. डार्विनने १८६८ सालच्या ग्रंथात ते नोंदवलंय. शोभेसाठी माणसानेच पिढ्यान् पिढ्या निवड करून हा तुरा वाढवला. कर्म आपलं, भोग तिचा. म्हणजे हे ऋण फेडणंच, तेही अर्धंमुर्धं. पाण्याचं उघडं भांडं काढून चोचीने दाबून पाणी प्यायचं निपल बसवलं, तेव्हापासून तुरा बराच कोरडा राहतो. तरी तो डोळ्यांवर येतोच, त्यामुळे अचानक हात लागला की बिचारी दचकते. म्हणून आता आधी हाक मारते.