डाकीण कोण आणि खुनी कोण?

आजकालच्या चेटकिणी आणि एकामागून एक खून पाडणारा नराधम, अशीं दोन्ही जींत आहेत ती रहस्यकादंबरी हातीं घेऊन भुसावळच्या फलाटावर बसलेल्या मनुष्यास गाडी आल्याचेंही भान राहत नाहीं. असलें वाचन पाप आहे काय, असें कित्येक बंधु विचारतात. आमच्या मतें खरा प्रश्न निराळा आहे. त्या पुस्तकांत चेटकिणीच्या अंगीं सामर्थ्य असतें, आणि खुनी शेवटच्या पानापर्यंत लपून राहतो. आमच्या खानदेशांत ह्याच्या अगदीं उलट घडत आलें आहे.

सातपुड्याच्या एखाद्या पाड्यांत लेंकरूं तापानें फणफणतें. घरचे लोक भगताकडे धांवतात. तो दाणे पाहून एका बाईचें नांव सुचवितो. ती पुष्कळदां विधवा असते. पाठीशीं मुलगा नाहीं, आणि नवऱ्यामागें राहिलेल्या जमिनीच्या तुकड्यावर भाऊबंदांचा डोळा. (हिंवताप डासांमुळें येतो हें शाळेंतलें पोरही सांगेल, परंतु डासाजवळ जमीन नसते.) मग मारहाण, गांवांतून हांकून देणें, आणि कधीं कधीं खून. जिला डाकीण म्हटलें तिला स्वतःस वांचविण्याचेंही सामर्थ्य नव्हतें. आणि मारणारे कोण, हें शोधण्यास गुप्त पोलीस नको, तें साऱ्या पाड्यास ठाऊक असतें.

परभणी जिल्ह्यांतील मानवत येथें १९७२ ते १९७४ ह्या काळांत मुली व स्त्रिया यांचे एकामागून एक खून झाले. तेथें गुप्तधन व संतति मिळावी म्हणून दिलेले नरबळी, असा प्रकार तपासांत पुढें आला. तेथेंही मंत्रतंत्राच्या पडद्यामागें बसलेला होता तो लोभच.

कोणी म्हणेल, चेटकिणीस जिवंत ठेवूं नये असें मोशेच्या नियमशास्त्रांतच आहे ना? त्याच वचनाचा आधार सांगणाऱ्या लोकांत, अमेरिकेंतील सालेम येथें, १६९२ सालीं १९ जणांस फांशीं देण्यांत आलें. न्याय करणारे नास्तिक नव्हते, प्रार्थना करणारे होते. त्यांपैकीं सॅम्युएल स्यूअल हा १६९७ सालीं बोस्टनच्या मंडळींत भर उपासनेंत उभा राहिला, आणि पाळकानें त्याचा कबुलीलेख सर्वांसमक्ष वाचला. फांशीं गेलेलीं माणसें त्यानें परत आलीं नाहींत. शौल राजा एन-दोरच्या बाईकडे गेला ही गोष्ट आपण पुष्कळदां सांगतों. परंतु त्या भुकेल्या राजास तिनें वासरूं कापून व भाकरी भाजून जेवूं घातलें, हा अध्यायाचा शेवट क्वचितच सांगतों.

महाराष्ट्रांत २०१३ सालीं जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याप्रमाणें अशा छळास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. परंतु भगतानें नांव घेतलें तेव्हां जो नुसता बसून ऐकत होता, त्याचें काय? मला भीति वाटली, असें तो म्हणतो. भीति वाटणें हा दोष नव्हे. आपल्या भीतीचें ओझें एका निराधार बाईच्या डोक्यावर ठेवूं देणें, हा आमच्या मतें दोष आहे, आणि तो मारणाऱ्याच्या दोषाहून फार लहान नाहीं. आमचे उपदेशक बंधु भूतपिशाचांविरुद्ध प्रवचन उत्तम करितात. तें सोपें आहे. ज्या रात्रीं नांव घेतलें जातें त्याच रात्रीं त्या बाईच्या घरीं जाऊन बसावें, पोलीसपाटलास कळवावें, आणि तापलेलें लेंकरूं दवाखान्यांत न्यावें. उजाडेपर्यंत थांबल्यास पुष्कळदां उशीर होतो.